डीनचा कोरा पेपर

आमच्या धाकट्याला अख्खं कॉलेज 'डीन' म्हणायचं. खरे डीन दोनदा बदलले, हा मात्र शेवटच्या वर्षाला ठाण मांडून बसलेला. लोकांना वाटायचं, पोरगा ढ आहे. ढ कसला डोंबलाचा. लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने नियम काढला: कॉलेजात नाव असेल तोवर मुलाला लष्करात न्यायचं नाही, पास झाला की लगेच बोलावणं. आणि दोन विषय राहिले तर कॉलेजातून नाव कमी. म्हणजे जीव वाचवायचा तर दरवर्षी बरोबर एकाच विषयात नापास व्हायचं. करून बघा, म्हणजे कळेल.

डीनने त्यासाठी तर्कशास्त्र धरलं. बाकीचे विषय घासून घासून पाठ करायचा आणि तर्कशास्त्राच्या पेपराला नंबर टाकून खिडकीबाहेर बघत बसायचा. निकाल लागला की आई शेजारी तोंड पाडून सांगून यायची आणि घरात येऊन पोटभर हसायची.

आम्ही मायलेकी शिवणकाम करतो. पूर्वी कॉलेजच्या मुलांच्या पँटी आखूड करायचो, आता लष्कराच्या शर्टांना काजं करतो. शर्ट फार लहान मापाचा आला की आई तो माझ्याकडे सरकवते.

कॉलेजात तर नुसता तमाशा होता. अर्धं हॉस्टेल जखमींना दिलेलं. भोंगा वाजला की प्राध्यापक मुलांच्या आधी तळघरात, आणि वर आल्यावर धैर्यावर तासभर व्याख्यान. मुलांना एकच काळजी, वीज गेली तर परीक्षा पुढे जाईल का.

यंदा कुलगुरूंना मुलांचा पुळका आला. लढाईच्या काळात एकही विद्यार्थी मागे राहता कामा नये, म्हणून सरसकट सगळे पास. सभागृहात टाळ्या पडल्या म्हणे. डीन घरी आला तो बूट न काढताच बसला.

"ताई, मी पास झालो."

आई शिवणयंत्रावरून उठलीच नाही. मी तडक तर्कशास्त्राच्या सरांकडे गेले.

"सर, माझ्या भावाला नापास करा."

"अगं, आनंदाची गोष्ट आहे ही."

"पेपर कोरा होता त्याचा."

"होता ना. पण त्या कोऱ्या पानांत मला त्याची घालमेल दिसली. म्हणून पस्तीस दिले."

"घालमेल दिसली, आणि ती कशाची ते नाही दिसलं?"

सर चष्मा पुसायला लागले. धोरण विद्यापीठाचं आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाले. पस्तीस मार्क मात्र त्याच हातांनी दिले होते. असा संताप आला की तो चष्मा खिडकीबाहेर भिरकावावा.

डीनला नेलं. जाण्याआधी मिळालेला शर्ट खांद्यात सैल होता, तो आईने आत घेतला. काजंही कुणीतरी घाईत केलेली, ती उसवून पुन्हा केली. काम संपू नये अशा बेताने करत होती. मला बघवेना.

नवीन सत्र सुरू झालं तेव्हा सर आमच्याकडे कोटाचं अस्तर बदलायला आले. तोंड उतरलेलं. वर्गात चिटपाखरू नाही, विभाग बंद करायचं चाललंय, म्हणाले. मग हळूच मला विचारलं, "तू प्रवेश घेतेस का? पास करायची जबाबदारी माझी."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली, तेवढी अक्कल शाबूत होती.

आईने मात्र त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"सर, एक विचारू? त्याचा तो पेपर पुन्हा तपासता येईल का हो?"

"आता? अहो, तो आघाडीवर पोचला."

"म्हणूनच म्हणते. नापास निघाला, तर परत पाठवतील ना त्याला?"

सर पाणी तसंच ठेवून उठले आणि निघून गेले. त्यांचा कोट अजून आमच्याकडेच पडून आहे.