चिमण्याचं वजन

माझ्या मेव्हण्याला सगळे चिमण्या म्हणतात, आणि त्याला पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटतं की आपली कुणीतरी थट्टा करतंय. दारातून आत येताना तो जरा तिरका होतो. घरातली एक खुर्ची त्याच्यासाठी राखीव आहे, म्हणजे तिला मी खालून लोखंडी पट्टी मारली आहे. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, त्यामुळे आमच्याकडे पट्ट्या आणि स्क्रू यांना तोटा नाही.

नाव पडलं ते जन्मताच. सातव्या महिन्यात आला. टॉवेलात गुंडाळला तर टॉवेलच जास्त दिसायचा म्हणे. आई बाळंतपणातच गेली. माझी बायको, म्हणजे त्याची ताई, तेव्हा अकरा वर्षांची होती. बाप कामावर जायचा आणि ही कापसाच्या बोळ्यानं त्याला दूध पाजत बसायची. शेजारच्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, "पोरी, जीव लावू नकोस, हे टिकायचं नाही." तर ही त्याला उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायची आणि तांदूळ तोलायच्या तराजूत घालून वजन करून घ्यायची. वजन वाढलेलं असलं की घरी नाचत यायची, घटलेलं असलं की रडत. ते पोर टिकलं. टिकलं कसलं, फोफावलं.

मी लग्न केलं तेव्हा लोकांना मिळते तशी मला बायको मिळाली, आणि वर एक खादाड पोरगं मिळालं. तिची अटच होती तशी. तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. आम्हाला मूल झालं नाही, त्याची उणीव मला कधी भासली नाही, कारण ताटावर "अजून घे" आणि "पुरे" ही भांडणं आमच्याकडे रोज व्हायची. त्यानं स्वतः लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, "तुम्ही दोघं भांडता तेवढं मला पुरतं."

काम करतो तो काट्यावर. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला ट्रकचं वजन करायचा काटा आहे, तिथे काचेच्या छोट्या खोलीत बसतो. रिकामा ट्रक येतो, त्याचं वजन होतं. तोच भरून येतो, पुन्हा वजन होतं. वजाबाकी केली की माल किती ते कळतं. सोपं काम, असं मला वाटायचं. पण माणसं वजनात काय काय चोऱ्या करतात! एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवतील, सीटखाली दगड भरतील. भंगारवाले तर भंगारावर पाणी मारून आणतात. चिमण्या कुणाशी भांडत नाही. हिशोब जुळला नाही की ड्रायव्हरला म्हणतो, "तुम्ही जरा खाली उतरा, चहा घ्या," आणि पुन्हा आकडा बघतो. स्वतः मात्र तो कधी वजन करायचा नाही. "ट्रकच्या काट्यावर माणसं तोलत नाहीत," असं म्हणून हसायचा.

मग हिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी नेलेली बायको संध्याकाळी पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखी परत यायची. पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद. माझं मूत्रपिंड तिला चालण्यासारखं नव्हतं, चिमण्याचं चाललं. तो त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दात काढून हसत होता, बक्षीस लागल्यासारखा. पण डॉक्टरांनी त्याला आत बोलावून दुसऱ्या काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. एवढ्या वजनाच्या माणसाचं मूत्रपिंड काढून घेणं त्याच्या पुढच्या आयुष्याला धोक्याचं. "वजन उतरलं पाहिजे, आणि उतरलेलं टिकलं पाहिजे. मग या." मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की हिचं हृदय थकत चाललंय, फार उशीर करू नका.

चिमण्यानं आधी केलं ते कुणीही करेल तेच. पी हळद अन् हो गोरी! कोबीचं पाणी पिऊन राहायला लागला. वजन भराभर उतरलं, आणि एका दुपारी साहेब काट्यावरच्या खुर्चीतून खाली घरंगळले. ट्रकवाल्यांनी उचलून आणलं. पंधरा दिवसांत सगळं वजन व्याजासकट परत आलं. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, "हे कोबीचं पाणी तुम्ही म्हातारे होईपर्यंत पिणार आहात का?" तो म्हणाला, "छे!" तर त्या म्हणाल्या, "मग सुरूच करू नका. जन्मभर जेवता येईल असं जेवण ठरवा आणि ते आजपासून जेवा."

मला ते पटलं. ताटात निम्मी भाजी, एखादं अंडं किंवा उकडलेली कडधान्यं, मूठभर भात, रात्री भाज्यांचं सूप. तळलेलं बंद नाही, पण कधीतरी. चहात साखर अर्धी, मग त्याच्या अर्धी. आणि काट्यावरून घरी पायी. तो एकटा पडू नये म्हणून मीही त्याच्या पंगतीला बसलो. स्वयंपाक अर्थात हीच करायची. किती थकली असली तरी स्टुलावर बसून करायची. तिचं आळणी एका भांड्यात, आमचं दुसऱ्यात. आणि काय सांगू, पथ्याचं जेवण इतकं रुचकर असतं हे मला माहीतच नव्हतं! मी दोनदा सूप मागून घ्यायचो.

महिना गेला, दुसरा गेला. चिमण्या पायी येत होता, घामाघूम होत होता, ड्रायव्हरांनी पुढे केलेल्या भज्यांना हात जोडत होता. वजन जागचं हलेना. त्याचा चेहरा उतरत चालला, बाकी काही उतरत नव्हतं. "माझ्या अंगातच खोट आहे, भावजी," असं एकदा म्हणाला. आणि हिचे पाय सुजत होते. मी रात्रभर छताकडे बघत पडायचो. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

मग हिला ताप भरला आणि आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या आठवड्यात स्वयंपाक चिमण्यानं केला. भाज्या त्याच, भात तेवढाच. सूप मात्र असं की कुणी भांडी विसळून पाणी समोर ठेवलंय. मी दुसऱ्यांदा मागितलं नाही. आठवडा संपला आणि वजन घसरलं. थोडंच, पण घसरलं. ही घरी आली, आणि काटा पुन्हा थांबला.

रविवारी सकाळी मी मशीन उघडून बसलो होतो. चिमण्या समोर येऊन उभा राहिला.

"भावजी, तुमची पँट काय म्हणते?"

"का रे?"

"नाही, तुम्ही माझ्यासोबत पथ्य करताय. मग पट्ट्याला नवीन भोक का पाडलंत?"

मी खाली बघितलं. खरंच की. भोक मीच पाडलं होतं, बाहेरच्या बाजूला, आणि डोक्यात प्रकाश पडला नव्हता. घरात माणसं कमी तेलाचं खात होती आणि तेलाचा डबा मी नेहमीपेक्षा लवकर आणत होतो. लोणी तर आमच्यात कुणी खातच नव्हतं, तरी ते संपत होतं.

"ड्रायव्हर खाली उतरला की वजन जुळतं," चिमण्या हळू आवाजात म्हणाला. "आपलं भंगार कुणीतरी ओलं करतंय."

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ही स्टुलावर पाठमोरी बसली होती. सूप ढवळत होती, आणि डाव्या हातानं लोण्याचा चांगला लिंबाएवढा गोळा त्यात सोडत होती. सोडला, ढवळला, वर कोथिंबीर पेरली. ताकास तूर लागू दिली नव्हती बाईनं. कुंपणच शेत खात होतं.

"ताई."

ती दचकली नाही. झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि मगच वळली.

"हो, घालते," ती म्हणाली. "काय म्हणायचंय?"

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलो. "तो तुझ्यासाठी मरतोय आणि तू..."

"मरू नये म्हणूनच घालते!" तिचा आवाज माझ्यापेक्षा चढला. "माझं झालंय जगून. त्याला कापायला मी वाढवलं नाही. त्याच्या अंगावरचा किलो न् किलो माझा आहे. मी चढवलाय. डॉक्टर कोण तो उतरवा म्हणणारा?"

चिमण्या मात्र शांत होता. काट्यावर असतो तसा.

"आजपासून मी तुझ्या हातचं खाणार नाही," तो म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.

त्यानं काट्यावरच्या खोलीत एक छोटी शेगडी नेली आणि तिथे शिजवून खायला लागला. घरी फक्त झोपायला यायचा. ही रोज त्याच्या वाट्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, सकाळी झाकण उघडून बघायची. डायलिसिसच्या सुया टोचताना हूं की चूं न करणारी बाई त्या झाकणाशी रडताना मी बघितली. मी मध्यस्थी केली नाही. खरं सांगायचं तर माझा राग गेला नव्हता. ही मला न विचारता मरायला निघाली होती.

दोनेक आठवडे असे गेले. मग एका दुपारी ती म्हणाली, "अहो, मला काट्यावर न्या."

आम्ही रिक्षानं गेलो. इतक्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. बाहेर सिमेंटचा ट्रक उभा होता, आत चिमण्या पातेल्यातूनच जेवत होता. शर्ट खांद्यावर सैल झाला होता. हिनं आधी तेच बघितलं. मग पातेल्यात डोकावली.

"ही भाजी आहे? अर्धी करपलीय, अर्धी कच्ची. फोडी तरी एकसारख्या चिराव्यात."

"मला जमतात तशा चिरतो."

ती त्याच्या समोरच्या पत्र्याच्या पेटीवर बसली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुणी तिकडे बघितलं नाही.

"ताई, एक विचारू? मी एवढासा होतो, सगळे म्हणाले राहणार नाही. मग तू कशाला पाजत बसलीस?"

"कशाला म्हणजे? मेला असतास."

"तुला कुणी म्हणालं होतं ना, जीव लावू नकोस?"

"म्हणेनात का. मी का त्यांचं ऐकणार होते?"

"मग मी का तुझं ऐकू?"

पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं आता रडेल. तिनं हात पुढे केला.

"सुरी दे इकडे. आणि ते पातेलं आधी घासून आण."

त्या संध्याकाळपासून चिमण्या पुन्हा घरी जेवायला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं लोण्याचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला आणि तेलाच्या बाटलीवर पेनानं रेघ मारली. ही चिडली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे की. विश्वास आहे म्हणून रेघ बारीक मारलीय."

तिला हसू आलं. मग तिनं ते कामच अंगावर घेतलं, आणि तिनं एखादी गोष्ट अंगावर घेतली की समोरच्याची धडगत नसते. बिनलोण्याचं सूप चवदार व्हावं म्हणून ती टोमॅटो आधी भाजायला लागली, लसूण वाढवला, मिरी कुटून घातली. भात आधी वाटीनं वाढायची, मग लहान वाटीनं. "पुरे" हा शब्द चिमण्याचा होता, तो आता ती म्हणायला लागली. दर रविवारी त्याला घरातल्या छोट्या वजनकाट्यावर उभं करायची आणि स्वतः वाकून आकडा बघायची. आकडा उतरला असला की काही बोलायची नाही, पण त्या दिवशी गुणगुणत भांडी लावायची. सावकाश उतरत होतं. एखाद्या रविवारी चढायचंही. तेव्हा तो हिरमुसायचा आणि ती म्हणायची, "जन्मभर जेवायचंय, एका रविवारचं काय घेऊन बसलास?" त्या आहाराच्या बाईंचं वाक्य हिनं कधी ऐकलं नव्हतं.

हिवाळा सरला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा वजन केलं. पुढे तीन महिन्यांनी पुन्हा केलं. टिकलं होतं. चिमण्या काही सडपातळ झाला नव्हता. पोट होतंच, पण आता ते त्याच्या मागून दारात यायचं, आधी नाही. तारीख मिळाली.

आदल्या रात्रीपासून दोघांनाही तोंडात काही घालायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. सकाळी मी गेलो तेव्हा दोघं शेजारशेजारच्या खाटांवर हिरवे झगे घालून पडले होते. चिमण्याचा झगा बरोबर बसला होता, हे मी मुद्दाम सांगतो. मी दोघांच्या चपला उचलून पिशवीत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. खाट ढकलणारे दोघे आत आले. आधी चिमण्याला नेणार होते.

खाट हलली तशी ही कोपरावर टेकून उठली.

"चिमण्या."

"काय गं?"

"भूक लागलीय का?"

तो हसला. "लागलीय. खूप."

जन्मल्यापासून त्यानं असं म्हटलं आणि ही जागची उठली नाही, असं कधी झालं नव्हतं. तिचा हात नेहमीच्या सवयीनं पुढे झाला, हवेत थांबला, आणि तिनं तो त्याच्या पोटावर ठेवला.

"लागू दे," ती म्हणाली.