आत्याचं पोटीस

जवस तव्यावर तडतडले की त्या तेलकट वासाने मला आमचं लातूरचं घर आठवतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना स्टोव्हच्या भडक्याने माझ्या डोक्याची एक बाजू भाजली होती आणि तिथे केस उगवत नव्हते. काही वर्षांनी नांदेडच्या डॉक्टरांनी शेजारच्या चांगल्या कातडीखाली एक फुगा बसवला. दर आठवड्याला सुईने त्यात सलाइन भरायचं आणि ताणून वाढलेली केसांची कातडी पुढे डागावर ओढून घ्यायची, असं ठरलं होतं. मुलीची जात, म्हणून आईने हे नातेवाइकांत कुणाला कळू दिलं नव्हतं. मलाही ताकीद होती. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत आईची शिकवणी चालू होती आणि उदगीरहून अचानक आलेल्या आत्याने माझा स्कार्फ सोडला. "पोरीचं गळू पिकून राहिलंय अन् माय लोकाची लेकरं शिकवून राहिली," म्हणत तिने जवसाचं गरम पोटीस त्या फुगवट्यावर बांधलं. "पोळतंय का गं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं, ताणलेल्या कातडीला काहीच कळत नव्हतं. शिकवणी सुटल्यावर आईने फडकं सोडलं, तेव्हा कातडी पांढरीफटक पडली होती. दोन-चार दिवसांत ती काळी होऊन फाटली आणि आतला फुगा दिसू लागला. डॉक्टरांना तो काढावाच लागला. "परत बसवता येतो की," आत्या म्हणाली. "कशाखाली बसवू, बाई?" डॉक्टर म्हणाले. आता मी भांग अगदी कडेला पाडते. आत्या भेटली की मी वाकते, आणि आशीर्वादाचा तिचा हात डोक्यापर्यंत येऊन पाठीवर उतरतो.