जयूचे दोन तास

माझ्या भावाला शूर म्हणू नका. वीर म्हणू नका. प्रेरणास्थान तर मुळीच म्हणू नका, तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जयंत त्याचं नाव, घरात जयू. वय अठ्ठावन्न. सिंचन विभागात तीस वर्षं नकाशे काढले. हातानं काढलेली त्याची रेघ साहेब लोक पट्टी लावून तपासायचे आणि गप्प बसायचे. त्याच हाताला सहा वर्षांपूर्वी कंप सुटला. आधी बशी वाजायला लागली, मग सही जुळेना म्हणून बँकेनं चेक परत केला. इंदूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. परत येताना बसमध्ये हा मला म्हणतो, "ताई, आता ताक घुसळायचं काम मला दे." भर बसमध्ये मी त्याला एक फटका मारला. मी चौसष्ट वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. आमच्या घरात चिडायचं खातं माझ्याकडेच आहे.

या दुखण्याचं लोकांना काही कळत नाही. त्यांना वाटतं, हात थरथरतो, बस. अहो, हात थरथरणं परवडलं! चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. उंबऱ्यापाशी उभा राहतो आणि पाऊल पुढे पडतच नाही, पाच-पाच मिनिटं. चेहरा हलत नाही, त्यामुळे हसतोय की रडतोय पत्ता लागत नाही. गोळी घेतली की अर्ध्या तासात अंग सुटतं आणि पुढचे अडीच-तीन तास तो आपला जयू असतो. मग गोळी उतरते. गोळीच्या आगेमागे दूध, मावा, पनीर काही पोटात गेलं की ती लागतच नाही. पण सायकलवर बसवून एक धक्का द्या, की हा सुसाट! उंबरा ओलांडता न येणारा माणूस देवास गेटच्या गर्दीतून सायकल काढतो. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदू चालणं विसरतो, पॅडल विसरत नाही.

उज्जैनला फ्रीगंजात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा अशा सात-आठ पेशंटांचा व्यायाम चालायचा. इंदूरहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिचं येणं परवडेना म्हणून वर्ग बंद पडायची वेळ आली, तेव्हा जयूनं जाहीर केलं: उज्जैन ते नाशिक, क्षिप्रेपासून गोदावरीपर्यंत, साडेचारशे किलोमीटर सायकलनं जाणार. लोकांनी किलोमीटरमागे वर्गासाठी पैसे द्यायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जायचं असेल तर याच वर्षी जा, पुढच्या वर्षी तोल राहील याची खात्री मी देणार नाही.

मी कडाडून विरोध केला. बिजासनच्या घाटात ट्रक कसे येतात ते काय मला माहीत नाही? "तू येऊ नकोस, मग झालं," जयू म्हणाला. त्याची बायको प्रतिभा स्कूटीवर गोळ्यांचा डबा घेऊन मागे राहणार होती. तिनं सगळं वेळापत्रक कागदावर मांडलं होतं. सव्वापाचला गोळी, सहाला क्षिप्रेच्या राम घाटावरून निघायचं, आठ-सव्वाआठला सांवेरला दुसरी गोळी, ऊन चढायच्या आत इंदूर.

आणि सकाळी साडेपाचला घाटावर जाऊन बघते तो काय! मंडप. गाद्या-तक्के. माइक. मागे जयूचा हात जोडलेला एवढा मोठा फोटो, की खाली फुलं वाहायचीच काय ती बाकी होती. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब पांढऱ्या सफारीत इकडून तिकडे धावत होते. "मुख्य अतिथी बस पहुँच ही रहे हैं," असं ते दर दहा मिनिटांनी माइकवर सांगायचे. अतिथी काही पोचेनात, म्हणून भाषणं सुरू झाली. एक जण म्हणाला, मृत्यूच्या जबड्यातून निघालेला हा यात्री. अरे मेल्या, तो मरत नाहीये! जिवंत आहे म्हणूनच तर नाशिकला निघालाय! दुसऱ्यानं स्वतःच्याच गुडघ्यांच्या ऑपरेशनवर वीस मिनिटं खाल्ली. सहा वाजले, सात वाजले. जयू खुर्चीवर ताठ बसलेला. प्रतिभा घड्याळाकडे बघत होती आणि माझ्याकडे बघत होती.

मध्येच पेढे सुरू झाले. महाकालचा प्रसाद. आमच्या गावात प्रसादाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? जो येई तो कुंकू लावी आणि पेढा थेट जयूच्या तोंडात कोंबी. "मावा नको हो, गोळी लागणार नाही," प्रतिभा सांगत होती. "भाभीजी, प्रसाद से कभी नुकसान होता है क्या?" असं म्हणून एकानं अजून एक दिला. चार पेढे पोटात गेले. आठला तिनं दुसरी गोळी दिली, पण ती आता काय लागणार!

साडेआठला शालीसाठी जयूला उभं केलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि तो अडकला. उजवा पाय पुढे, टाच वर, तोंड किंचित उघडं. पापणी लवत नाही त्यामुळे डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. समोर नदी, वर सूर्य. गर्दीतली एक बाई ओरडली, "बाबूजी को दर्शन हो रहे हैं!" झालं! जय महाकालचा गजर उठला. मोबाइल वर झाले. बायका पुढे येऊन त्याच्या पाया पडायला लागल्या, आणि एकीनं तर त्याच्या अडकलेल्या पायावर आपल्या नातवाचं डोकं टेकवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माइक हिसकावून घेतला. "दूर व्हा सगळे! दर्शन-बिर्शन काही नाही, गोळी उतरली आहे त्याची! दवाई उतर गई है, समझे? सहाला निघायचं होतं त्याला. अडीच तास तुम्ही त्याला बसवून ठेवलंत, तुमच्या भाषणांसाठी! भय्यासाहेब, लाज वाटते का काही?"

भय्यासाहेब जवळ आले. बिचारे हळूच बोलले, पण माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. "वासंतीताई, भद्रा आहे, नऊ-चाळीसपर्यंत काहीही करून थांबवा, हे तुम्हीच तर सांगितलं होतं."

सगळ्या घाटानं ऐकलं.

हो, मीच सांगितलं होतं. दहा दिवस आधी गुरुजींकडे जाऊन पंचांग बघितलं. भद्रेच्या अशुभ वेळेत प्रवासाला निघू नये, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. गणिताची मास्तरीण मी, आयुष्यभर पोरींना पुरावा मागायला शिकवलं, आणि भाऊ घाटात ट्रकखाली जाईल या भीतीनं भद्रेपुढे मान टाकली. जयूला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून भय्यासाहेबांना गाठलं. म्हटलं, छोटासा सत्कार ठेवा, माझं नाव घेऊ नका. त्यांनी छोट्याचं मोठं केलं, हे खरं. पण वेळापत्रक मला पाठ होतं. गोळी किती वाजता उतरणार ते मला माहीत होतं. आणि तरीही मी समोर गादीवर बसून भाषणांना शिव्या देत होते!

प्रतिभा मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही?" बस, एवढंच. त्यापेक्षा तिनं मला थोबाडलं असतं तर बरं झालं असतं.

जयूचा आवाज अशा वेळी अगदी बारीक होतो. मी त्याच्या तोंडाशी कान नेला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. एकेक शब्द सावकाश येत होता. "गुरुजी बोलले होते."

"मग गधड्या, थांबलास कशाला?"

"तू झोपत नव्हतीस, ताई. म्हटलं, जाऊ दे तुझी भद्रा. दिवसाचे चांगले तास माझ्याकडे आठ. दोन तुला दिले." मध्ये तो दमला. "आता पुरे. चढव मला."

मी माइक गादीवर फेकला. एका बाजूनं प्रतिभा, एका बाजूनं मी, असा त्याला सायकलवर चढवला. त्याचा डावा पाय हातानं उचलून मी पॅडलवर ठेवला. भय्यासाहेब मागून कळवळून म्हणत होते, "ताई, एक तास तर राहिला आहे, अतिथी देवास रोडपर्यंत आलेत!" सीटला दोन्ही हात लावून त्या सपाट दगडांवरून मी पळत सुटले, चौसष्टाव्या वर्षी, नऊवारी नाही पण पाचवारी सावरत. दहा पावलं, पंधरा पावलं. आणि हाताखालचं ओझं एकदम हलकं झालं. पाय फिरायला लागले होते. लोक बाजूला झाले. प्रतिभानं स्कूटीला किक मारली आणि ती त्याच्या मागे गेली.

नवव्या दिवशी पोचायचा तो दहाव्या दिवशी पोचला. पहिल्याच दिवशी भर उन्हात इंदूरच्या अलीकडे पडला, खांदा सुजला. तो एक दिवस माझ्या खात्यात. बिजासनच्या घाटात काही झालं नाही. वर्ग चालू राहिला, आता तिथे बारा पेशंट येतात.

डॉक्टर बोलले तसंच झालं. या वर्षी सायकल सुटली. दिवसाचे चांगले तास आता तीन उरलेत, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक. सत्काराला बोलावणारे अजून येतात, प्रेरणास्थान म्हणतात. मी त्यांना फाटकातूनच हाकलते, शाली-नारळासकट. त्या तीन तासांत त्यानं हाक मारल्याशिवाय मीसुद्धा त्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही.