खिशातला नट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. कुणाच्या हाती ही वही लागलीच, तर चुकांबद्दल माफ करावं. अण्णांबद्दल तोंडाने सांगायला गेलं की माझा आवाज निघत नाही, म्हणून लिहिते.

अण्णा म्हणजे काळेवाडीतले गाड्यांचे वायरमन. पिठाच्या गिरणीसमोर त्यांची पत्र्याची शेड. कुठलीही गाडी आली की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. बॅटरीच्या काळ्या केबलचा नट काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. काम संपेपर्यंत तो खिशातून बाहेर येत नसे. "आधी गाडीला झोपवायचं, मग हात लावायचा," म्हणत. एका गिऱ्हाइकाने हसून विचारलं, "अण्णा, बाजारात दुसरा नट मिळत नाही का?"

"मिळतो की. पण ह्यो खिशात असला की माझे हात कापत न्हाईत."

मी निघोज्याच्या कंपनीत अकरा वर्षं हार्नेस लाइनवर होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. समोर मोठी फळी, फळीवर खुणा, खुणांवर रंगारंगाच्या वायरी टाकायच्या आणि टेप गुंडाळायची. लाइन बंद पडली आणि काम गेलं. मग तीन दिवस मी अण्णांच्या शेडवरून नुसती ये-जा केली. चौथ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"बाई, दळण सांडलं का काही? रोज हिकडंच बघत जाताव."

मी कसंबसं कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी वायरींच्या तुकड्यांचा डबा पुढे सरकवला. "ह्यातली हिरवी काढ. पांढऱ्या रेघेची." मी लगेच काढून दिली. "उद्यापास्नं ये," म्हणाले. मला वाटलं, माझी परीक्षा घेतली. पुढे कळलं की त्यांना ती वायर खरंच हवी होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हिरवी, निळी, तपकिरी, डॅशबोर्डखालच्या अंधारात त्यांना सगळं सारखंच दिसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रंग दिसत नाहीत अशा वायरमनकडे गाडी कोण देईल? मला त्यांनी एवढंच म्हटलं, "मंगल, हात माझे, डोळे तुझे. बाहेर बोलू नको."

मी तर कुणाशी बोलतच नव्हते.

मग आकुर्डीच्या इनामदार साहेबांची गाडी आली. काळी, गोल दिव्यांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. डॅशबोर्डमागच्या वायरी वाळून पापडासारख्या झाल्या होत्या, हात लावला की कव्हर गळून पडे. अण्णा म्हणाले, "ठिगळं लावत बसायचं न्हाई. सगळी जुडीच नवी करू." मी जुनी जुडी फळीवर पसरली, तिच्या प्रत्येक फाट्याच्या कडेने खिळे ठोकले आणि त्याच मापाची, त्याच रंगांची नवी बांधली. पाच दिवस लागले. अण्णा बोटं फिरवून म्हणाले, "कंपनीचा माल दिसतोय."

गाडीत बसवायच्या दिवशी साहेब सकाळपासूनच येऊन उभे होते. "अण्णा, डोळे बरे आहेत ना? लोक काहीबाही बोलतात."

"लोकांला काय काम हाय?" अण्णा म्हणाले. पण त्यांचा हात खिशावर गेला, तो मी पाहिला.

मी डॅशबोर्डखाली आडवी होऊन वायरी जोडत होते. अण्णांनी बाहेरून विचारलं, "तपकिरी?"

"लावली," मी म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. एरवी अण्णा नट लावण्याआधी बॅटरी आणि केबल यांच्यामध्ये एक बल्ब जोडत. सगळं बंद असताना तो बल्ब पेटला, तर आत कुठेतरी चूक आहे असं समजायचं. त्या दिवशी साहेब म्हणाले, "आता ते बल्बचं पुराण कशाला? की दिसत नाही म्हणून खात्री करताय?" अण्णांनी बल्ब खाली ठेवला, खिशातून नट काढला आणि केबल बॅटरीवर टेकवली.

ठिणगी उडाली. पाठोपाठ माझ्या तोंडासमोर धूर. मी बाहेर पडेपर्यंत अण्णांनी तापलेली केबल हातानेच उपटली होती. बोटं भाजली. पाच दिवस बांधलेल्या जुडीतल्या वायरी एकमेकींना चिकटून काळ्या झाल्या होत्या.

आमच्या कंपनीच्या मालात तपकिरी वायर बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडायची असे. अकरा वर्षं माझ्या हातांना तेच ठाऊक. या जुन्या गाडीत तपकिरी वायर थेट बॅटरीवरून करंट आणते. मी ती बॉडीच्या बोल्टला आवळली होती.

"माझी चूक झाली, साहेब," अण्णा म्हणाले.

"म्हणजे लोक बोलतात ते खरंय. मी गाडी ओढून नेतो." साहेबांनी फोन काढला.

गप्प राहिले असते तर माझं नाव कुठेच आलं नसतं. अण्णांची शेड मात्र त्या फोनबरोबर संपली असती.

"साहेब," मी म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांनी वळून विचारलं, "काय?"

"वायर मी लावली. अण्णांनी नाही. आमच्या कंपनीत तपकिरी बॉडीला असते. मी विचारलं नाही. आठ दिवस द्या."

साहेब आधी माझ्याकडे, मग अण्णांच्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिले. "आठच," म्हणाले.

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "तुला तोंड हाय व्हय गं!" मग म्हणाले, "सामानाचे सहा हजार गेले. वायर तुझी, बल्ब माझा. निम्मे-निम्मे." त्यांनी जाऊ दे म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं.

आठव्या दिवशी साहेब, अण्णा आणि मी, तिघेही त्या बल्बकडे बघत उभे होतो. मी मनात वीसपर्यंत मोजलं. बल्ब पेटला नाही. "लाव नट," अण्णा म्हणाले आणि नट माझ्या हातात दिला. गोल दिवे लागले. साहेबांनी हॉर्न वाजवला.

मी दर शनिवारी दोनशेची नोट देत गेले. अण्णा बोटांनी तिची लांबी चाचपून खिशात टाकत. चौदा शनिवार झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना बीडला, गावी कायमचं न्यायला आला. निघायच्या दिवशी मी शेवटची नोट पुढे केली. अण्णांनी ती चाचपली नाही. उजेडात धरली.

"पिवळी हाय की गं," म्हणाले.

मग नोट घडी करून खिशात ठेवली, त्याच खिशातून शेडमध्ये अर्धवट राहिलेल्या गाडीचा नट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. माझे तीन हजार फिटले होते.