हळकुंडाचा दोरा

वर्षाची हळद करायला हळकुंडं उन्हात घातली, की त्या वासानं माझं डोकं अजून फिरतं बघा. बेळगावात भाजी घेऊन येताना मोटरसायकलवरच्या दोघांनी माझं मंगळसूत्र हिसकावून नेलं, गळ्यावर लालभडक वळ उठला. पोलीस ठाण्यात मात्र 'हरवलं' एवढंच लिहून घेतलं. आता हरवलेल्यासाठी चोर कोण शोधतंय? नवं होईपर्यंत रिवाजाप्रमाणं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं. आणि त्याच आठवड्यात, शहरातल्या चोऱ्या घटल्या म्हणून आमच्या महिला मंडळानं पोलिसांच्या मोठ्या साहेबांचा सत्कार ठेवला, ओवाळायला मलाच उभं केलं! साहेबांच्या शेजारी गावचे पुढारी हसत उभे. मी निरांजनाचं ताट धरून म्हटलं, "साहेब, हे हळकुंड बघा, हा वळ बघा. आधी चोरी लिहून घ्या, मग ओवाळते." पुढाऱ्यांकडं बघत साहेब पुटपुटले, "अम्मा, हळू बोला. निवडणूक तोंडावर आहे. चोऱ्यांचा आकडा वाढला तर बढती राहील बाजूला, बदलीच होईल माझी." "व्हय? मग हा वळ काय हरवल्यामुळं उठला?" मागून जाऊबाई कुजबुजल्या, "गप गं, फोटो काढायलेत!" मी ताट टेबलावर ठेवलं आणि स्टेजवरनं खाली उतरले. दुसरीनं ओवाळलं, टाळ्याही वाजल्या. साहेबांना पुढं बढती मिळाली, माझं मंगळसूत्र काय मिळालं न्हाय. नवं केलंय, त्याचं काही न्हाय. पण चोरानं नुसतं सोनं नेलं होतं, या साहेबानं तर मलाच वेंधळी ठरवलं.