आत्तींनी हाक मारणं सोडलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी मेढ्याला आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्याकडे चहाला येणार नाही. आलात, तर ही गोष्ट तुम्हाला आत्ती सांगतील. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्या सांगतात ती गोष्ट खोटी आहे, हे या जगात फक्त मला माहीत आहे. त्यांनाही नाही.

कराडच्या अलीकडे, उसाच्या रानात आमचं घर. नवरा फौजेत नायक. घरात आम्ही दोघी आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा, मेढ्याहून बाजारच्या पिशवीत घालून आणलेला. नाव आत्तींनीच ठेवलं. "माजं पोरगं हुईल तवा हुईल, कुत्रं तरी हुंदे सुभेदार," म्हणाल्या. नवरा सुट्टीवर आला की दारातच त्याला कडक सलाम ठोकायचा आणि आत्ती पदर तोंडाला लावून हसायच्या.

मला खूळ लागलं मोबाईलमुळं. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत — कुत्रं उड्या मारतं, बोगद्यातून जातं, उंच अरुंद फळीवरून चालतं, आणि माणूस शेजारून पळत त्याला खुणा देतो. मी परसात पाइपाचे खांब रोवले, टायर टांगला, दोन बाजूंनी उतार करून फळी मांडली. व्हिडिओत ओरडतात तसं इंग्रजीत ओरडायचे. सुभेदार शांतपणे माझ्याकडे बघत बसायचा, बँकेतला साहेब बघतो तसा. शेवटी शेंगा फोडत बसलेल्या आत्तीच वैतागल्या. "चड की रं वर!" — आणि चढला की! मधे डगमगला, तर म्हणाल्या, "हळू रं बाळा, हळू." पोट फळीला टेकवत, एकेक पाय टाकत बेटा खाली उतरला.

तेव्हापासून तेच त्याचे शब्द झाले. चड, हळू, बिगी, हिकडं. बाकीचं मी चुकत चुकत शिकले. कुत्रं आधी आपले पाय बघतं, मग खांदा, मग शब्द ऐकतं. तोंड थांब म्हणतंय आणि पाय पळताहेत, तर त्या मुक्या जिवानं कुणाचं ऐकावं? खूण अडथळ्याच्या आधी द्यायची, आणि एकदा दिलेला शब्द बदलायचा नाही. हे मला पक्कं माहीत होतं. ते लक्षात ठेवा — माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

सांगलीला हौशी स्पर्धा होती. आत्ती ठेवणीतलं लुगडं नेसून, भाकरीचं फडकं बांधून आल्या होत्या. आणि तिथं... कसं सांगू? रुबाबदार कुत्री, पळायचे बूट घातलेले मालक, सगळा कारभार इंग्रजीत. रांगेतल्या एका मुलीनं सहज विचारलं, याला कमांड कुठल्या देता? मी म्हणाले, "इंग्लिशच." का म्हणाले? कुणी हसलं होतं का मला? कुणीच नाही. हसतील, असं माझं मलाच वाटलं. नाव तर मी अर्जात आधीच बदलून दिलं होतं — ब्रूनो. भोंग्यावर ब्रूनो पुकारला, तेव्हा दोरीपलीकडं आत्ती शेजारच्या बाईला विचारत होत्या, ह्ये कुणाचं कुत्रं म्हणून.

पहिल्या उड्या नुसत्या हाताच्या खुणेवर झाल्या. बोगदाही झाला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हवेत. मग फळी आली. हाताच्या खुणेवर तो चढला, मधोमध आला, आणि त्यानं वेग कमी करून कान माझ्याकडे वळवला. तो 'हळू'ची वाट बघत होता. शब्द माझ्या जिभेवर होता हो. तो गिळून मी ओरडले, "स्टेडी!" — व्हिडिओतला, त्याला कधीच न कळलेला शब्द, तोही असा तीक्ष्ण. आणि माझे पाय? पाय पुढच्या उडीकडं पळतच होते. तो गोंधळला, अख्खा माझ्याकडे वळला. मागचा पाय सुटला, फळीच्या कडेवर आपटला आणि तो खाली आला. तो केकाटला, आणि त्यानंतर — त्यानंतर, आधी नाही — आत्ती ओरडल्या, "आगं आयाय, सुभ्या!" आणि दोरीखालून वाकून आत धावल्या.

पंच विचारायला आले. मी म्हणाले, बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्याचं लक्ष गेलं. खोटं किती पटकन येतं तोंडात! परत येताना गाडीत सुभेदार आत्तींच्या मांडीवर होता. लुगडं रक्तानं भरलेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "माज्या आवाजानं व्हय गं?"

मी खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "व्हय."

एवढंच. एवढंच केलं मी.

हाड जुळलं, पण पाय आखूडच राहिला. फोनवर नवरा आईला म्हणाला, "आई, तुला वरडायला कुणी सांगितलं हुतं?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी त्यालाही खरं सांगितलं नाही. आणि त्या दिवसापासून आत्तींनी सुभेदाराला हाक मारणं सोडलं. पूर्वी त्यांची हाक पाटापर्यंत जायची, तो उसातून पाचोळा उडवत यायचा. आता त्या ताटली वाजवतात, नाहीतर उंबऱ्यावर बोटं आपटतात. तो लंगडत येतो, समोर बसतो आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहतो. पाहुणे आले की त्या स्वतःच सांगतात, "माज्या तोंडानं मुक्या जनावराचा पाय गेला बगा." आतल्या खोलीत मी चहा गाळत असते. कबुली माझी, देतात त्या. मला लाज वाटते — आणि चहा गाळून झाला की मी बाहेर नेऊन देते.

ही नुसती जुनी गोष्ट असती, तर कदाचित सांगितलीही नसती. पण परवाचं ऐका. सुभेदार आता म्हातारा झालाय, ऐकूही कमी येतं, पण आत्तींचा आवाज त्याला आला असता. तो घरासमोरच्या वाटेवर ऊन खात पडला होता आणि वळणावरून उसाची ट्रॉली येत होती. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. आत्ती दारात होत्या. त्यांनी तोंड उघडलं — आणि स्वतःच्या हातानं दाबून धरलं. मग या वयात अनवाणी धावल्या, त्याला कवेत धरून बाजूला ओढलं आणि दगडावर गुडघ्यावर पडल्या.

त्यांना आत आणून मी गुडघ्याला हळद लावत होते. त्या धापा टाकत म्हणाल्या, "हाक मारली आसती तर दचकला आसता गं. पुन्ना काय तरी झालं आसतं."

सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? सुभेदार त्यांच्या पायाशी होता, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी हळद दाबली आणि म्हणाले, "व्हय आत्ती. बरं केलंसा, हाक मारली न्हाई ते."