गाडीसाठी थांबणारी बस

रोज सकाळी सव्वाआठला देवचंद लंजे चहाच्या कान तुटलेल्या कपात खडू भिजत घालायचे. तो भिजेपर्यंत सौंदड स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला फोन लावायचे. "गोंदियाची गाडी कशी हाये आज?" एवढंच विचारायचे. मग बसथांब्याच्या भिंतीवर काळा रंग देऊन केलेल्या फळ्यावर त्या ओल्या खडूनं लिहायचे, नऊ चाळीस. कधी, दहा वाजून पाच. ओल्या खडूची अक्षरं लगेच दिसत नाहीत. ती वाळून पांढरी होईपर्यंत ते फळ्यासमोर उभे राहायचे आणि मगच बसमध्ये चढायचे.

आमचा जांभुळटोला सौंदडपासून चौदा किलोमीटर आत आहे. गावाला तलाव आहे, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत, आणि देवचंदजी त्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत केव्हा सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्यांच्या वडिलांनी ते काम केलं होतं आणि आजोबांनीही. त्यांचे दोन नियम होते. पाणी आधी शेवटच्या बांधीला, कारण जवळच्याला काय, तो केव्हाही घेईल. आणि पाळी घराला. घरात माणसं दोन असोत की दहा, घर एक तर पाळी एक. या दोन नियमांवर गावात चाळीस वर्षं पाण्यासाठी कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, पुष्पांजली. २००२ साली तिला आमगावला दिली. नकाशावर आमगाव लांब नाही. सकाळी आमगावहून गोंदिया, गोंदियाला गाडी बदलून सौंदड, सौंदडहून बस. पण सौंदडची बस नऊ पंचवीसला गावाकडे परत निघायची आणि गोंदियाची गाडी नऊ चाळीसला यायची. पंधरा मिनिटं. बसची वेळ एका कार्यालयात ठरली होती, गाडीची दुसऱ्या, आणि त्या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. त्यानंतरची बस संध्याकाळी. संध्याकाळी आलेल्या बाईला रात्री राहावं लागतं, आणि पुष्पांजलीला राहता येत नव्हतं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. दिवसभर शेजारीण पाहायची, पण रात्री सून घरी हवी. त्यामुळे पहिल्या चार वर्षांत ती माहेरी आली ती तीनदा, तेही नवरा मोटारसायकलवर घेऊन आला तेव्हा. तिचा मुलगा रांगायला लागला, चालायला लागला, आणि या गोष्टी आजीआजोबांना फोनवर कळल्या.

२००६ च्या डिसेंबरात जिल्ह्याहून एक तरुण साहेब आले. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी टाकून सभा झाली. साहेबांनी सांगितलं की खेड्यातल्या बस, जीप आणि रेल्वे यांचा मेळ घालण्यासाठी सरकारनं अनुदान दिलं आहे. दीड वर्षासाठी. बस गाडी येईपर्यंत सौंदडला थांबेल, तिचा जादा वेळ अनुदानातून भरून निघेल. बस नसेल त्या वेळी जीप जाईल, भरलेली असो की रिकामी. फक्त गावातला एक माणूस रोज सौंदडला हजर हवा. गाडीतून उतरून पुढे किती गेले, ते तो वहीत लिहील. वहीवरून कळेल, योजना चालू ठेवायची की नाही.

माणूस कोण, हे फार विचारावं लागलं नाही. ज्याच्या सांगण्यावरून माणसं हातातलं फावडं खाली ठेवतात, त्याचं बसचा ड्रायव्हरही ऐकेल, असं सगळ्यांनाच वाटलं. देवचंदजी उठून उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रविवारी बी थांबंल का बस?"

साहेब म्हणाले, "रविवारीसुद्धा."

"मंग करतो," देवचंदजी म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती वेळापत्रक उलट्या बाजूनं मांडायची. बस आजवर गावातूनच निघायची. तलावापलीकडच्या शेवटच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या लहान वस्तीतली, माणसं दोन किलोमीटर चालत येऊन ती पकडायची. देवचंदजींनी बस आधी त्या टोल्यावर न्यायला लावली. गावातले लोक कुरकुरले, दहा मिनिटं वाया जातात म्हणाले. देवचंदजींनी ऐकून घेतलं आणि बस टोल्यावरच जात राहिली.

बकाराम जीपवाला त्यांना समन्वयक म्हणायचा. तो शब्द योजनेच्या कागदावर होता आणि बकारामला तो फार आवडला होता.

"का जी समन्वयक, अजून किती वेळ? इंजिन गरम होऊन राहिलं."

"गाडी गोंगलेच्या पुढं आली. थांब दहा मिनिटं."

"मेरी जीप में दो सवारी बैठी है. दोन. वरून एक बकरी."

"रिकामी गेली तरी तुले भेटते ना? मंग कायले बोंबलून राहिला?"

"भेटते म्हणून तं चूप हावो," बकाराम म्हणायचा आणि हॉर्न वाजवायचा.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पुष्पांजली नऊ चाळीसच्या गाडीतून उतरली. कडेवर मुलगा, मागे नवरा. बस उभी होती. देवचंदजी दाराशी उभे होते. त्यांनी नातवाला हातात घेतलं नाही, आधी वहीत लिहिलं आणि मग घेतलं. साडेदहाला ती माहेरी पोचली आणि चारला निघाली. साडेपाच तास. शांतीबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, गुळातले आयते, म्हणजे तांदळाची गोड धिरडी, करून ठेवले होते आणि लेक जेवत असताना तिच्या पाठीमागे बसून तिचे केस विंचरले. लेकीला उगीच काही विचारलं नाही. वेळ कमी आहे म्हणून घाईनं बोलावं, अशी ती माणसं नव्हती.

त्यानंतर पुष्पांजली पंधरा दिवसांआड येऊ लागली. गावाला त्याची इतकी सवय झाली की रविवारी शांतीबाई विहिरीवर दिसल्या तर रुख्मा शेजारीण म्हणायची, "काऊन वो, आज साहेबीण येऊन नाई राहिली का?" पुष्पांजलीचं एकटीचंच नव्हतं ते. अर्जुनीला, वडशाला दिलेल्या मुली तिकडच्या गाडीनं येऊन जीपनं गावात यायला लागल्या. आम्ही मुली गोंदियाच्या कॉलेजात जायला लागलो. एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड गाडीतून उतरून त्या बसनं आलं, नवरदेवासकट. गावातले रविवार भरलेले असायचे. बसथांब्याशी दुपारी चारला रडणं चालायचं, पण ते पंधरा दिवसांच्या बोलीचं रडणं होतं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब तपासणीला आले. वही उघडून बोट फिरवत राहिले.

"रोजचे सरासरी सात-आठच येतात?"

"सात-आठ," देवचंदजी म्हणाले. "कमी होते का साहेब? शेवटच्या टोल्याचे बी आले त्यात. कोनी सुटलं नाई."

साहेबांनी आणखी दोन पानं उलटली. "तुम्ही मेहनत फार घेता," म्हणाले आणि वही मिटली. देवचंदजींना ते कौतुक वाटलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शांतीबाईंना ते वाक्य साहेबांच्या सुरात म्हणून दाखवलं.

२००८ च्या मे महिन्यात पत्र आलं. प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी असल्यानं मुदतवाढ देता येत नाही. एक जूनपासून बस पूर्वीच्या वेळेवर.

मेच्या शेवटच्या रविवारी पुष्पांजली आली, तेव्हा वही ओसरीवर पडली होती. ती सहज चाळायला लागली. पानं उलटता उलटता थांबली.

"बाबा, मागच्या खेपेले आमी तिघं होतो. इथं एकच लिवलं."

"मंग? घर एकच ना तुमचं."

"आन् हे लगनाचं? बाविसेक माणसं होती त्या दिवशी. मी होतो ना बसमंदी."

"नवरदेवाचं घर. एक."

पुष्पांजलीनं मागची पानं काढली. सगळीकडे तेच होतं. सुंदर, एकसारख्या अक्षरात, घराचं नाव आणि पुढे एक. लंजे, एक. टोल्यावरचे मडावी, एक. बाजाराहून परतलेलं पाच माणसांचं घर, एक. दीड वर्षांत देवचंदजींनी माणूस मोजलाच नव्हता.

"बाबा," ती हळू म्हणाली, "त्यायले डोके पायजे होते."

देवचंदजींनी वही तिच्या हातातून घेतली आणि चष्मा लावून पहिल्या पानावरचा मथळा वाचला. तिथं छापलेलं होतं, उतरून पुढे गेलेले प्रवासी. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पानी घराले देतेत, म्या बी तसंच लिवलं." शांतीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. चारच्या बससाठी निघताना पुष्पांजलीनं नेहमीसारखा वाकून नमस्कार केला, तेव्हा देवचंदजींनी पाय मागे घेतले.

नंतर अर्ज झाला. पुष्पांजलीनंच लिहिला, आमगावहून टपालानं वडिलांकडे पाठवला. घरं आणि माणसं यांचा घोळ कसा झाला, खरी संख्या किती असेल, गावातल्या बेचाळीस घरांच्या सह्या. देवचंदजी तो घेऊन दोनदा गोंदियाला गेले. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी अर्ज सगळा वाचला, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, काका, आकडे आता वर गेले, योजनेची मुदत संपली. पुन्हा निघाली तर तुमचं गाव पहिलं. देवचंदजींना त्यांचा राग आला नाही. राग येता तर बरं झालं असतं, असं शांतीबाई पुढे रुख्माला म्हणाल्या होत्या.

एक जूनला बस नऊ पंचवीसला निघाली आणि बकारामची जीपही भरल्याशिवाय सुटेनाशी झाली. गावात कुणी देवचंदजींना एक शब्द बोललं नाही. बकारामनंसुद्धा त्यांना समन्वयक म्हणणं सोडलं आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. त्यांनी पाणकराचं काम त्या पावसाळ्यात पुतण्याकडे दिलं. फळा मात्र ठेवला. मान्यता नाही, मानधन नाही, तरी सव्वाआठला खडू भिजायचा, चहावाल्याला फोन जायचा. वडशाकडे जाणाऱ्यांना गाडीची वेळ कळली तर बरं, असं ते सांगायचे.

रविवारी ते बसनं सौंदडला जायचे. बस परत निघून जायची आणि ते फलाटावर राहायचे. पंधरा मिनिटांनी गाडी यायची, चार-दोन माणसं उतरायची, गाडी पुढे जायची. ते संध्याकाळच्या बसनं घरी यायचे. एकदा मी त्याच गाडीतून उतरले. त्यांनी माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकटीच का?" म्हणाले. मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत आम्ही एका बाकावर बसून होतो. त्यांनी मला विचारलं, कॉलेजात काय शिकवतात, आणि मी सांगितलेलं सगळं नीट ऐकलं. अधूनमधून घड्याळ पाहायचे. साडेदहाला म्हणाले, "आता पोचली असती." चारला म्हणाले, "आता निघाली असती."

पुष्पांजली त्या चार वर्षांत दोनदा आली. पंधरा दिवसांआडचे रविवार फोनवर गेले. शांतीबाई फोन कानाला लावून नुसतं ऐकायच्या. तिकडे नातू पाढे म्हणायचा.

२०१२ च्या हिवाळ्यात पुष्पांजलीची सासू गेली. तेरावं-चौदावं आटोपलं. मग एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला की उद्या येते, आणि आता राहायलाच येते, आठ दिवस. नऊ पंचवीसची बस चुकली तर चुकू दे, संध्याकाळपर्यंत स्टेशनावर बसेन. देवचंदजींना चार दिवसांपासून ताप होता. त्यांनी तो तिला सांगितला नाही. शांतीबाईंनी खुणेनं सांगा म्हटलं, तर त्यांनी हातानंच नाही म्हटलं.

रविवारी पहाटे त्या तापातच ते गेले. पुष्पांजली गाडीनं आली नाही. आमगावहून मोटार करून आली, थेट घरासमोर उतरली. मोटारीला पावणेदोन तास लागले होते.

आदल्या दुपारी, फोन ठेवण्याआधी, देवचंदजी तिला म्हणाले होते, "समोरच्या डब्यात बसजो बाई. मागचे डबे फलाटाच्या भायेर रायतेत, लेकराले उतरवाले तरास होते."